तीन नारायण, एक पेला

एकादशी आहे आणि गडावर पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही कशीबशी सभामंडपाच्या कडेला बैठक मारली आहे. फरशी अजून गार आहे. समोर बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर, खाली ज्वारीची रानं, आणि मंडपात टाळांचा ठेका. बीड जिल्ह्यात नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे संस्थान. आषाढीला इथली पालखी पंढरपूरला जाते. शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्याने तुम्हाला जागा व्हावी म्हणून गुडघे पोटाशी ओढून घेतले आहेत. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या जातीचे, काही विचारलं नाही. "बसा माउली," एवढंच म्हणाला.

"बाबा, एवढी माणसं. गावं निराळी, घरं निराळी. यांना बांधतं काय?" तुम्ही विचारता.

म्हातारा बोटांवर मोजतो. "गळ्यात माळ. एकादशी. पंढरीची वारी. मुखी नाम." चार बोटं मिटतात. अंगठा उघडाच राहतो.

"आणि हा?"

"त्याचं मागाहून सांगतो. तो अवघड आहे."

तुमच्या डोक्यात खरं तर दुसरंच घोळतंय. तुमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, नगरकडचं. तीच बोली, तीच भाकरी, तोच दुष्काळ. फक्त रविवारी सकाळी ते चर्चमध्ये असतात. तिथं कुणी शेतकरी, कुणी नर्स, कुणी निवृत्त मास्तर. त्यांच्या गळ्यात माळ नाही, पायाखाली वारी नाही. मग ती माणसं कशाने बांधली गेली? त्यांची चार बोटं कोणती?

म्हातारा डोळे मिटून पुटपुटतो, "नारायण, नारायण."

आणि मागून कुणीतरी ओ देतं.

नगर, १८३९

तुम्ही वळून पाहता तर गड नाही. निजामाची हद्द मागे पडली आहे आणि तुम्ही कंपनी सरकारच्या मुलखात, अहमदनगर शहरात उभे आहात. ओ देणारा तरुण ब्राह्मण आहे. नारायण रामचंद्र खिस्ती. त्याचा मोठा भाऊ हरिपंत त्याच्या पुढे चालतो आहे. दोघांचा याच वर्षी बाप्तिस्मा झाला आहे आणि नगरच्या बोळाबोळांतून त्याचीच चर्चा आहे.

ते एका साध्या खोलीत शिरतात. तुम्ही त्यांच्यामागे. खाली सतरंजी, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी डिसेंबर १८३१ मध्ये इथं पाय ठेवला, त्याला आठ वर्षंही झालेली नाहीत. त्यांतले हर्व्हीसाहेब मे १८३२ मध्येच पटकीने गेले. पुढच्या वर्षी, १८३३ मध्ये, इथली पहिली मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, स्थापन झाली आणि थोड्याच आठवड्यांत तिचा कणा असलेले बाबाजी, जन्माने ब्राह्मण, तेही पटकीनेच गेले. पहिले ऐकणारे बरेचसे शहरातल्या अनाथालयातले: आंधळे, लंगडे, ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं असे. मग आसपासच्या गावांतून महार समाजातली माणसं येऊ लागली.

आज प्रभुभोजन आहे. समोरच्या मेजावर पांढरं फडकं. फडक्याखाली भाकर आणि एक पेला. एकच. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला देण्याची चाल १८९० नंतरची, तीही आधी अमेरिकेतली. इथं आज जो पेला फिरेल त्याला सगळ्यांचे ओठ लागणार आहेत.

त्या आधी काय काय झालंय ते तुम्हाला माहीत असायला हवं. बाप्तिस्म्यापूर्वी या दोघा भावांना प्रश्न विचारले गेले आहेत. देव एकच आहे, तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक आहे, हे मानता का? येशू हा खरा देव आणि खरा माणूस. तो आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे मानता का? तारण आपल्या पुण्याईने नव्हे, व्रतवैकल्यांनी नव्हे, कृपेने मिळतं, हे मानता का? पवित्र शास्त्र हेच वागणुकीचं माप, हे मानता का? शास्त्र ते स्वतः वाचू शकतात. मराठी नवा करार मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्येच पूर्ण केला आहे. या सगळ्याला दोघे हो म्हणाले आहेत. वाद घालणाऱ्या बुद्धिमान माणसाला हे हो म्हणणं सोपं नसतं, पण ते डोक्यात घडतं. कुणाला दिसत नाही.

शेवटची अट मात्र सगळ्यांना दिसते: जात सोडायची. आणि ती सोडल्याची खूण तोंडी चालत नाही.

पेला निघतो. तुमच्या पुढच्या रांगेत एक माणूस बसला आहे. त्याचं नाव कुठल्या अहवालात नसेल. हाताच्या तळव्यांना भेगा, अंगावर जाड धडपा. तो पेला दोन्ही हातांनी धरतो, ओठाला लावतो, आणि शेजारी देतो. शेजारी नारायण खिस्ती आहे. याच माणसाची सावली अंगावर पडली म्हणून नारायणाच्या आळीत आज सकाळी कुणी तरी घरी जाऊन अंघोळ केली असेल. पेल्याच्या काठावर ओलसर ठसा आहे. तुम्हाला तो दिसतो. नारायणालाही दिसतो.

तुम्ही श्वास धरता. खोलीतले सगळेच धरतात.

तो पितो.

कुणी टाळी वाजवत नाही. पेला पुढे जातो. पण बाहेर खिस्तींच्या घरात आता ताट मांडलं जाणार नाही, सोयरीक तुटेल, आणि आई जिवंत असतानाच मुलगा घराला परका होईल. मिशनऱ्यांच्या शाळेत मुलाला शिकवून घेणारे, त्यांच्या दवाखान्याचं औषध पिणारे, त्यांच्या छापखान्याची पुस्तकं वाचणारे पुष्कळ आहेत. त्या कशानेही जात जात नाही. एका घोटाने जाते.

मुंबई, १८४३; बेथेल, १८७० नंतर

दुसऱ्या नारायणाला तुम्ही मुंबईत गाठता. नारायण शेषाद्री. स्कॉटिश मिशनच्या शाळेतला हुशार विद्यार्थी, सप्टेंबर १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला. पण गर्दी त्याच्यासाठी जमलेली नाही. कोर्टात उभा आहे तो त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. तो फक्त मिशनऱ्याच्या घरी राहिला आणि तिथं जेवला. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. आणि मग खरा तंटा सुरू झाला. ख्रिस्त्यांच्या ताटात जेवलेला पोर जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यायचा म्हणून कंबर कसली आणि साऱ्या मुंबईत गदारोळ उडाला. मुलाच्या मनात त्र्यैक्याबद्दल काय आहे, हे त्या गदारोळात कुणी विचारल्याचं तुमच्या कानावर येत नाही. तो काय जेवला, एवढाच मुद्दा होता.

म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजाचं वजन दोन्ही बाजूंना नेमकं कळलं होतं.

आता तीस वर्षं पुढे चला आणि आपल्या मराठवाड्यात परत या. जालन्याजवळचं बेथेल. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. इथले रहिवासी बहुतेक मांग समाजातले. गावकुसाबाहेर जन्मलेल्यांचं हे स्वतःचं गाव आहे, स्वतःच्या विहिरीचं. पांढरं पागोटं बांधणारे शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने बोलून आले आहेत. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला माणूस मांगांच्या वस्तीत आयुष्य काढतो आहे, हे न्यूयॉर्कच्या लोकांना किती उमगलं असेल कोण जाणे. जालन्याच्या बाजारात मात्र ते सगळ्यांना उमगतं.

दिवस कलला आहे. कडुनिंबाखाली पंधरा-वीस बायाबापड्या बसल्या आहेत. अक्षरओळख बहुतेकींना नाही. म्हणून सगळं तोंडपाठ. शिकवणारा विचारतो, माणूस कशासाठी जन्माला आला? उत्तर येतं, एका सुरात, जात्यावरच्या ओवीसारखं हेल काढून. देव कोण? पाप म्हणजे काय? तारणारा कोण? प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर. शेवटी सगळ्या उठून उभ्या राहतात आणि मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतात. प्रेषितांच्या नावाने ओळखला जाणारा तो छोटा मजकूर तुम्ही लक्ष देऊन ऐका. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा पिता. त्याचा एकुलता एक पुत्र येशू, कुमारीपासून जन्मलेला, पंतय पिलाताच्या अमलात छळ सोसलेला, वधस्तंभी दिलेला, पुरलेला, तिसऱ्या दिवशी उठलेला, पुन्हा येणारा. पवित्र आत्मा. पवित्र मंडळी, पापांची क्षमा, शरीराचं पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. एका दमात म्हणून होतो.

तुमच्या लक्षात आलं? या एवढ्याशा मजकुरात एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव आहे. पिलात हा रोमन सुभेदार. ज्याच्या सहीने येशूला मरण आलं त्याचं नाव रोज उच्चारायचं, कारण विश्वास काल्पनिक काळातल्या गोष्टीवर नाही, अमुक राजवटीत, अमुक गावी घडलेल्या गोष्टीवर आहे, असा त्यांचा दावा आहे. कडुनिंबाखालच्या एका म्हातारीला रोम कुठे आहे हे ठाऊक नाही. पण निरपराध माणसाला सुभेदाराच्या कचेरीत काय भोगावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती त्या ओळीवर जरा जोर देते.

नायसिया, ३२५

याच ओळींचा हात धरून तुम्ही मागे, फार मागे जाता. आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, त्या वेळचं नायसिया. उन्हाळा. सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेले सुमारे तीनशे बिशप. काहींनी आधीच्या छळात डोळे, हात गमावलेले. ज्या साम्राज्याने त्यांना छळलं त्याचाच सम्राट आज त्यांच्यात सोन्याच्या खुर्चीवर बसला आहे.

भांडण कशावरून? अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणतो, पुत्र थोर आहे, सर्वांत आधी निर्माण झाला आहे, पण निर्माण झालेलाच आहे. बाकीचे म्हणतात, नाही. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. तुम्हाला वाटेल, हा शब्दांचा किस कशाला? पण जरा थांबा. वधस्तंभावर मेलेला जर देवाने पाठवलेला एक चांगला दूत असेल, तर देव वर सुरक्षित राहिला आणि मरायला दुसऱ्याला पाठवलं, असा अर्थ होतो. तो स्वतः देव असेल, तर देवच खाली उतरून गावकुसाबाहेर मेला, असा होतो. परिषदेने दुसरं धरलं. त्या निर्णयातून मतांगीकार आला, ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपलला त्याला आजचं रूप मिळालं. आज रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन एकमेकांशी पन्नास गोष्टींवर भांडतात आणि तो मात्र सगळे म्हणतात.

बेथेलच्या कडुनिंबाखाली आरियसचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पण वर बसून दूत पाठवणारा देव त्यांना ओळखीचा आहे. साहेब असतातच तसे. खाली उतरलेला देव मात्र नवा आहे.

मुंबई, १० फेब्रुवारी १८९५

तिसरा नारायण कवी आहे. नारायण वामन टिळक. दोन वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले ते अडकलेच.

आज अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा आहे. बाप्तिस्मा देण्यासाठी त्यांनी मुद्दाम देशी पाळक निवडला आहे. पुढे या, पाळकांचं नाव ऐका: तुकाराम नाथोजी. पुढे हाच कवी सांगणार आहे की आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. आज त्याच्या कपाळावर पाणी घालणाऱ्याचं नावही तुकारामच असावं, हा योगायोग एखाद्या कादंबरीत वाचला असता तर तुम्ही लेखकाला हसला असता.

पाणी किती लागतं? ओंजळभर. त्रिएक देवाचं नाव उच्चारून कपाळावर सोडलेलं. मंडळीत येण्याचं दार हेच. याला आतला विश्वास हवा हे खरं, पण तो चार माणसांत, उघड्यावर सांगितल्याशिवाय पुरा होत नाही, असं मंडळी मानते. मनातल्या मनात ख्रिस्ती असणं चालत नाही.

पण तुमचं लक्ष जिकडे जायला हवं ती बाई इथं नाही. लक्ष्मीबाई टिळक. नवरा बाटला ही बातमी ऐकून तिच्यावर आभाळ कोसळलं आहे. ती वर्षानुवर्षं वेगळी राहील, मग नगरला त्याच्याकडे येईल, पण आपली चूल वेगळी ठेवील. पाणी स्वतः भरील. कुणाचा हात लागू देणार नाही. त्या दिवसांत तुम्ही नगरच्या त्या घरात डोकावलात तर एका छपराखाली दोन धर्म आणि दोन घागरी दिसतील. वादविवादाने ती बधणार नव्हती, आणि टिळकांनी बळजबरी केली नाही. विचार करता करता एके दिवशी तिचं तिलाच कळलं की देवाने माणूस केला, जाती माणसांनी केल्या. मग कुणाच्याही हातचं पाणी चाललं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही विचारा: तिचं धर्मांतर आधी घागरीपाशी झालं, चर्चमध्ये मागाहून.

टिळकांच्या पोतडीत अजून एक अवघड प्रश्न आहे, तो घ्यायला साताऱ्याला चला. साल १९१७. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आहे: ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. मंडळीतल्या वडिलांच्या कपाळाला आठ्या. पाणी लागत नसेल तर कुंपण कशाला? आणि कुंपण नसेल तर मंडळी ती कसली? टिळकांना वाटतं, ख्रिस्तावरची भक्ती एवढं एकच बंधन पुरेल. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र टिकली. ज्या मंडळ्यांनी दरबाराला नाक मुरडलं त्यांच्याच 'उपासना संगीता'त ती दर रविवारी गायली जातात, आणि पेटीच्या पहिल्या सुराला सगळे भांडणारे एका पट्टीत येतात. कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते यापूर्वीच. मंडळीने पाश्चात्त्यांकडून मतांगीकार घेतला, पण तो उरात उतरवायला चाल आपली लागली.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

थंडी सुखाची आहे. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात माणसांचा समुद्र. साड्या, सूट, नऊवारी, पांढरे झगे. आज सहा मंडळ्या आपापली नावं खाली ठेवून एक होणार आहेत: अँग्लिकन; काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून झालेली संयुक्त मंडळी, जिच्यात नगरच्या मंडळीचा वारसा आहे; बॅप्टिस्ट; ब्रेदरन; डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट; आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. नवं नाव, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उत्तर भारतीय मंडळी. दक्षिणेकडच्यांनी हे १९४७ मध्येच साधलं. इथं बोलणी १९२९ पासून चालली होती. एक्केचाळीस वर्षं. एवढ्या अवधीत देश स्वतंत्र झाला, फुटला, राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, पण समितीच्या बैठका संपत नव्हत्या.

कशावरून अडलं होतं? बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन म्हणतात, ज्याला समज आली त्यालाच बाप्तिस्मा, तोही पाण्यात पूर्ण बुडवून. ब्रेदरन तर तीन बुड्या देतात, आणि प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन म्हणतात, तान्ह्या बाळालाही द्यावा, कपाळावर पाणी पुरे. अँग्लिकनांना बिशप हवाच. काँग्रिगेशनल मंडळीला बिशप म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यांचा कारभार सभासदांच्या मताने.

तोडगा ऐका, कारण आपल्या सगळ्या घरगुती भांडणांना तो लागू पडण्यासारखा आहे. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि समजत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतील, घरच्यांनी निवडावं. बिशप असतील, पण घटनेने बांधलेले; आणि बिशपपदाचा अमुकच अर्थ प्रत्येकाने मानला पाहिजे अशी सक्ती नाही. मग सक्ती कशाची? पवित्र शास्त्राची. दोन मतांगीकारांची, प्रेषितांच्या आणि नायसियाच्या. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या दोन संस्कारांची. एवढंच बांधील. बाकी मोकळं.

तुमच्या शेजारी एक बाई रुमालाने डोळे टिपते आहे. तिचं माहेर ब्रेदरन, सासर अँग्लिकन. काल रात्रीपर्यंत ती धर्माने दोन घरची होती. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. पुढे जागांवरून, पदांवरून खटले होतील, ते वेगळंच. पण आज मेज मांडलं आहे आणि एकाच भाकरीचे तुकडे सहा नावांच्या हातांत जात आहेत. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या मंडळीच्या पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेतलं.

आजचा रविवार

शेवटचा थांबा जवळचा आहे. मराठवाड्याच्या एका तालुक्याच्या गावातली मंडळी. गावाचं नाव महत्त्वाचं नाही, अशी पुष्कळ आहेत. पत्र्याचं छप्पर, निळ्या खुर्च्या, एक कीबोर्ड आणि त्याच्यावर मात करणारी ढोलकी. दारात एक काका हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणतात. तुम्ही शेवटच्या रांगेत बसता.

बाप्तिस्मा झालेले, न झालेले, संशयाने आलेले, बायकोने ओढून आणलेले, सगळे आहेत. पाळक म्हणतात, उभे राहू या. आणि तोच मजकूर सुरू होतो. पिलाताचं नाव येतं. पापांची क्षमा येते. पुढच्या रांगेतला दहावीतला मुलगा घोकल्यासारखं भरभर म्हणतो. त्याच्या शेजारची आजी प्रत्येक शब्दाला ठेच लागल्यासारखी थांबते. गेल्या महिन्यात तिचा मुलगा गेला. शरीराच्या पुनरुत्थानापाशी तिचा आवाज फुटतो, आणि मंडळीचा आवाज तिला ती ओळ पार करून नेतो. एकत्र म्हणण्याचा उपयोग काय, ते तुम्हाला इथं कळतं. ज्या दिवशी एकाचा विश्वास डगमगतो त्या दिवशी बाकीचे त्याच्या वतीने म्हणतात.

मग मेज. आता एकच पेला नाही. ताटलीत छोटे छोटे पेले आहेत. ओठांची कसोटी संपली, असं तुम्हाला वाटतं. पण उपासनेनंतर चहा पिताना एक काकू हळूच सांगतात की मंडळीत सोयरीक जुळवताना मूळची जात कोणती, हे अजून विचारलं जातं. आणि बाहेर सरकारी कागद आहेच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती धरली. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तिच्यात जागा मिळाली. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. चर्चने सांगितलं जात नाही. सरकारने सांगितलं, मग सवलतही नाही. आणि शेजारपाजार सांगतो, जात कुठं जाते? तिघांच्या मध्ये तो माणूस उभा आहे, हातात प्लास्टिकचा छोटा पेला घेऊन.

पुन्हा गड

टाळ पुन्हा ऐकू येतात. म्हातारा वारकरी तुमच्याकडे पाहतो आहे. "लांब जाऊन आलात जणू," म्हणतो.

तुम्ही त्याच्यासमोर हात धरता आणि मोजता. एकच देव, पिता पुत्र पवित्र आत्मा. येशू, खरा देव खरा माणूस, मेलेला आणि उठलेला. तारण कृपेने, आपल्या कमाईने नाही. पवित्र शास्त्र हे माप. चार बोटं मिटली. तुमचाही अंगठा उघडा आहे.

"आता सांगा बाबा, हा कोणता?"

"सप्ताह उठला की काला होतो," तो म्हणतो. "एकमेकांच्या तोंडात घालायचा असतो. माळ घालणारे लाख आहेत, माउली. तो काला कुणाच्या हातून घेतला आणि घरी जाऊन कुणाला पंगतीत बसवलं, ते मोजा." त्याने अंगठा चार बोटांवर दाबून मूठ वळली. अंगठ्याशिवाय मूठ वळत नाही, हे तुम्हीही करून पाहिलंत.

काला आणि प्रभुभोजन एकच, असं म्हणण्याचा घाईघाईचा मोह टाळा. वारकऱ्याचा विठ्ठल आणि ख्रिस्त्यांचा येशू यांची सरमिसळ केली तर दोघांनाही ते आवडणार नाही, आणि नायसियाचे ते हात गमावलेले बिशप तर उठून बसतील. मंडळीला बांधणाऱ्या चार गोष्टी तिच्या स्वतःच्या आहेत, हजारो मैलांवरून आलेल्या आणि मराठीत पक्क्या रुजलेल्या. त्यांवर ती तडजोड करत नाही, करूही नये. पण त्या चार खऱ्या आहेत की नुसत्या पाठ आहेत, याचा निकाल पाचवी गोष्ट देते, आणि ती १८३९ मध्ये नगरच्या सतरंजीवर एका घोटात दिली गेली होती.

पुढच्या रविवारी ओळखीच्या त्या कुटुंबाबरोबर चर्चला जाऊन या. शेवटच्या रांगेत बसा. दार उघडं असतं, कुणी अडवत नाही. मतांगीकार कान देऊन ऐका. आणि मग चहाच्या वेळी पाहा, कोण कुणाच्या शेजारी बसतं.